एका सीएमडीबीत तीन क्लायंट: डोमेन वेगळे करतानाचे आमचे चार महिने

हे लिहायला उशीरच झालाय. एकाच सिस्टिममध्ये मिसळलेली तीन क्लायंटची माहिती वेगळी करायचं काम संपलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, तेव्हाच ठरवलं होतं की डोकं ताजं आहे तोवर लिहून टाकायचं, पण घरातलं लग्न आणि मार्चची गडबड यात राहिलं ते राहिलंच. परवा जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्याकडेही हेच काम निघालंय आणि जुलैमध्ये मी जशी घाबरले होते तशीच ती घाबरलीय. तिला फोनवर तासभर सांगितलं तरी निम्मं राहिलं, म्हणून आता सगळं सलग लिहून काढतेय.

मी पुण्यात हिंजवडीला एका मॅनेज्ड सर्व्हिसेस कंपनीत सीएमडीबी बघते, म्हणजे कुठले सर्व्हर, सॉफ्टवेअर आहेत आणि ते कशाला जोडलेत याची नोंदवही. काम सुरू झालं तेव्हा आमच्याकडे तीन क्लायंट होते: मुंबईची एक एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी), एक हॉस्पिटल चेन आणि चाकणची गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी. तिघांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो, आणि तिघांना मिळून सर्व्हिसनाऊ या सॉफ्टवेअरचा एकच इन्स्टन्स, म्हणजे एकच चालू प्रत. त्यात नेटवर्कमधली मशीन आपोआप शोधणारी डिस्कव्हरी चालू, सर्व्हिस मॅपिंगपण चालू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सर्व्हिस मॅपिंग म्हणजे एखादी सेवा, समजा कर्जाचा अर्ज भरायची वेबसाईट, कुठल्या लोड बॅलन्सरवर सुरू होते, तिथून कुठल्या वेब सर्व्हरवर जाते, मग कुठलं ॲप्लिकेशन आणि शेवटी कुठला डेटाबेस, याचा नकाशा सॉफ्टवेअरने स्वतः शोधून काढायचा. सर्व्हर बंद पडला की कुठली सेवा अडली हे त्यावरून कळतं.

क्लायंट वेगळे ठेवायची आमची पद्धत काय होती, तर प्रत्येक सीआयवर, म्हणजे सीएमडीबीतल्या सर्व्हरसारख्या प्रत्येक नोंदीवर, कंपनीचं नाव आणि रिपोर्टला लावलेला फिल्टर. एकच क्लायंट असतानाची ती रचना, दुसरा आला तसा फिल्टर वाढवला, तिसरा आला तसा अजून एक. चालत होतं म्हणून कोणी हात लावला नव्हता.

मग १९ जुलै २०२४ चा शुक्रवार. त्या दिवशी एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या खराब अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेली होती, आमच्याकडेही सकाळी अकरानंतर फोन थांबेनात. एनबीएफसीच्या ब्रिज कॉलवर त्यांनी विचारलं की आमच्या कुठल्या सेवा अडल्यात ते दाखवा, मी स्क्रीन शेअर केली आणि कर्ज अर्जाच्या सेवेचा नकाशा उघडला. नकाशाच्या तळाला जो डेटाबेस सर्व्हर होता त्याचं नाव हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरचं होतं. कॉलवर वीसेक लोक. त्यांच्या सिक्युरिटीच्या मॅडम म्हणाल्या, "हा सर्व्हर आमचा नाहीये. कोणाचा आहे?" मला उत्तर माहीत होतं आणि ते देता येत नव्हतं. "मॅडम, तपासून सांगते" एवढंच म्हटलं आणि स्क्रीन बंद केली. ते दहा सेकंद मला अजून आठवतात.

कारण संध्याकाळी सापडलं. एनबीएफसी आणि हॉस्पिटल दोघांच्याही आतल्या नेटवर्कमध्ये १०.२० ने सुरू होणारे आयपी पत्ते आहेत. यात कोणाची चूक नाही, १० ने सुरू होणारी ती सगळी रेंज खाजगी वापरासाठीच मोकळी आहे, कोणीही आपापल्या घरात वापरावी. पण आमच्या सीएमडीबीत दोन्ही घरांचे सर्व्हर एकाच खोलीत ठेवलेले. ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा आयपी मिळाला, त्या आयपीचा सर्व्हर शोधला गेला आणि जो हॉस्पिटलचा सापडला तो जोडला गेला. रेष ओढणारं सॉफ्टवेअर होतं, पण तिघांना एकाच खोलीत ठेवलं आम्हीच.

२४ जुलैला क्लायंटचं रीतसर पत्र आलं. त्यात रिझर्व्ह बँकेच्या आयटी आउटसोर्सिंगवरच्या मास्टर डायरेक्शनचा उल्लेख होता, जे १० एप्रिल २०२३ ला निघालं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. त्यात म्हटलं होतं की एकच सेवादार अनेक संस्थांचं काम करत असेल तर त्यांची माहिती, कागदपत्रं, रेकॉर्ड आणि मालमत्ता एकमेकांत मिसळणार नाहीत अशी काळजी घ्यावी. आमच्या लीगलने म्हटलं की शब्द धरून बसलं तर ते रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या संस्थांबद्दल आहे, हॉस्पिटल त्यात येत नाही. मला तो मुद्दा तेव्हाही पटला नव्हता. पेशंटच्या लॅबचा सर्व्हर कर्ज देणाऱ्या कंपनीला दिसतोय, हे कुठल्याही नियमाशिवाय चूकच आहे. आमच्या डिलिव्हरी हेडनेही वाद घातला नाही, पत्राला उत्तर गेलं की नोव्हेंबरअखेर वेगळं करून देतो.

दुसऱ्या दिवशी २५ जुलैला पुण्यात पाणी भरलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांची अवस्था तुम्ही बातम्यांत पाहिली असेल, टीममधल्या दोघांच्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यामुळे पहिली मीटिंग झाली ती थेट २९ तारखेला. तीन पर्याय होते. एक, प्रत्येक क्लायंटला वेगळा इन्स्टन्स, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पण तीन ठिकाणी अपग्रेड, तीन ठिकाणी इंटिग्रेशन, आणि आमच्या एनओसीच्या, म्हणजे सगळ्या सिस्टिमवर लक्ष ठेवणाऱ्या टीमच्या, माणसाने तीन स्क्रीन उघडून बसायचं. दोन, आहे तेच ठेवून एसीएल, म्हणजे कोणाला काय दिसेल त्याचे नियम, कडक करायचे. याने माणसांची नजर अडली असती पण आयपीची गल्लत तशीच राहिली असती, कारण नकाशा काढणारी यंत्रणा सगळंच बघत राहणार. तीन, डोमेन सेपरेशन, म्हणजे एकाच इन्स्टन्समध्ये प्रत्येक क्लायंटची वेगळी खोली. आम्ही तिसरा घेतला.

आमच्यात कोणालाच त्याचा अनुभव नव्हता म्हणून एका फ्रीलान्स आर्किटेक्टला दहा दिवसांसाठी घेतलं, दिवसाला २२ हजार. मॅनेजमेंटला जड वाटलं. मी सांगेन की पहिल्या दोन दिवसांतच ते वसूल झाले, कारण त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "ताई, हे एकदा चालू केलं की बंद करता येत नाही. प्रॉडक्शनला हात लावायच्या आधी डेव्हमध्ये सगळं मोडून बघा."

डेव्ह, म्हणजे प्रयोगाच्या, इन्स्टन्सवर आधी प्रॉडक्शनचा, म्हणजे रोज वापरात असलेल्याचा, क्लोन (हुबेहूब प्रत) घेतला, मग ५ ऑगस्टला सर्व्हिसनाऊच्या सपोर्टकडे डोमेन सेपरेशनच्या प्लगइनची विनंती टाकली, तीन दिवसांनी चालू झालं. मी लगेच हॉस्पिटलच्या टेस्ट यूजरने लॉगिन केलं आणि सर्व्हरची लिस्ट उघडली. सगळ्यांचे सगळे सर्व्हर दिसत होते! पोटात गोळा आला. झालं असं होतं की प्लगइन चालू केल्यावर जुना सगळा डेटा ग्लोबल डोमेनमध्ये असतो, आणि ग्लोबलमधला डेटा सगळ्यांना दिसतो. म्हणजे प्लगइनने फक्त भिंती बांधायची सोय मिळते, सामान कुठल्या खोलीत न्यायचं ते आपणच ठरवून न्यायचं.

डोमेनचं झाड असतं. टॉप नावाचं एक डोमेन, त्याच्या खाली आमचं स्वतःचं आणि तीन क्लायंटची तीन. ग्लोबल या झाडाच्याही वर, वेगळंच. झाडात वरच्याला खालच्याचा डेटा दिसतो, खालच्याला वरच्याचा किंवा शेजारच्याचा दिसत नाही. नियम मात्र उलटे वाहतात, वर लिहिलेला बिझनेस रूल खालच्या सगळ्यांना लागू. हे कागदावर समजायला अर्धा तास लागतो आणि अंगवळणी पडायला महिना.

पहिली चूक आम्ही तिथेच केली. एनओसीच्या १४ जणांना सगळ्यांचं दिसायला हवं म्हणून त्यांना टॉपमध्ये टाकलं. दिसलं सगळं, पण त्यांनी हाताने एखादा सीआय बनवला की तो टॉपमध्ये जाऊन बसायचा आणि ज्या क्लायंटचा आहे त्यालाच दिसायचा नाही. शेवटी त्यांना आमच्या कंपनीच्या डोमेनमध्ये आणलं, त्यांच्या ग्रुपला तिन्ही क्लायंटची व्हिजिबिलिटी दिली आणि सवय लावली की काही बनवायच्या आधी स्क्रीनच्या वरचा डोमेन पिकर (कुठल्या डोमेनमध्ये काम करायचं ते निवडायची जागा) बघायचा, योग्य क्लायंट निवडायचा, मगच न्यू दाबायचं. ऐकायला साधं आहे पण याच सवयीला सगळ्यात जास्त दिवस लागले.

पिकरचा अजून एक फटका. आमच्या एका डेव्हलपरने पिकर एनबीएफसीवर असताना एक ग्लोबल बिझनेस रूल उघडून दुरुस्त केला. मूळ रूल तसाच राहिला आणि एनबीएफसीसाठी त्याची वेगळी प्रत तयार झाली, ओव्हरराइड म्हणतात त्याला. तीन आठवड्यांनी आम्ही मूळ रूलमध्ये बदल केला तर दोघांकडे दिसला, एनबीएफसीकडे नाही, आणि दीड दिवस शोधण्यात गेला. तुमच्याकडे वागणूक एकाच क्लायंटकडे वेगळी दिसत असेल तर आधी ओव्हरराइड आहे का ते बघा.

आता सगळ्यात मोठं काम. आमच्याकडे साधारण ४३ हजार सीआय होते. त्यातल्या ३६ हजारांवर कंपनी भरलेली, ७ हजारांवर रिकामी. प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न, हे कोणाचं? आयपीवरून ठरवता येईना, कारण आयपीनेच घोळ केलेला. मग कुठल्या डिस्कव्हरी शेड्यूलने सापडलं ते बघितलं, होस्टनेमची सुरुवात बघितली, कोणाच्या इन्सिडेंटमध्ये, म्हणजे बिघाडाच्या तक्रारीत, आलंय ते बघितलं. ऑगस्टचा दुसरा अर्धा आणि गणपतीचे दहा दिवस, ७ ते १७ सप्टेंबर, मी आणि टीममधला एक मुलगा हेच करत होतो. घरी दीड दिवसाचा गणपती, विसर्जन करून आले आणि पुन्हा एक्सेल उघडलं. शेवटी साडेसहाशे राहिले ज्यांचं कोणीच नाही. बरेचसे बंद झालेले सर्व्हर, काही एकाचेच दोन झालेले, आणि चाळीसेक असे की जे खरंच चालू होते पण कोणालाच आठवत नव्हते. त्यातला एक चाकणच्या क्लायंटचा जुना लायसन्स सर्व्हर निघाला ज्यावर त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर अवलंबून होतं. त्यांच्या आयटीवाल्या काकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, तो अजून चालू आहे होय?" त्या एका सर्व्हरसाठीसुद्धा ही मेहनत वसूल झाली असं मला मनापासून वाटतं.

कंपनी भरलेले ३६ हजारसुद्धा डोळे मिटून घेऊ नका. आम्ही शंभर शंभरचे नमुने काढून तपासले, त्यातही चुकीची कंपनी निघालेले होतेच.

मग प्रश्न आला की जुने सीआय हलवायचे की पुसून नव्याने शोधायचे. नव्याने शोधणं स्वच्छ, पण जुन्या सीआयला पाच वर्षांचे इन्सिडेंट आणि चेंज, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदी, चिकटलेले, पुसलं तर तो इतिहास तुटणार. आम्ही मधला मार्ग घेतला. ज्या सर्व्हरला इतिहास होता ते स्क्रिप्टने योग्य डोमेनमध्ये हलवले, आणि सगळे नकाशे, त्यातल्या जोडण्यांसकट, काढून टाकून पुन्हा काढले. सर्व्हर हलवला म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची, इन्स्टॉल असलेल्या सॉफ्टवेअरची नोंदही सोबत आली असं गृहीत धरू नका, प्रत्येक टेबलवर डोमेननुसार मोजणी करा. आम्ही मोजली म्हणून राहिलेल्या नोंदी सापडल्या.

मिड सर्व्हरबद्दल. मिड सर्व्हर म्हणजे क्लायंटच्या नेटवर्कमध्ये शोधाशोध करणारा छोटा प्रोग्राम, तो बाहेर ४४३ पोर्टवरून इन्स्टन्सशी बोलतो आणि काम घेऊन जातो. आमच्याकडे आधी आमच्या डेटा सेंटरमध्ये एक जोडी होती, ती तिघांकडे जायची. डोमेनच्या जगात असं चालत नाही. मिड सर्व्हर ज्या यूजरने लॉगिन करतो त्या यूजरचं डोमेन तेच मिडचं डोमेन, आणि त्याने शोधलेलं सामान त्याच डोमेनमध्ये पडतं. म्हणून प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा मिड, वेगळा यूजर, वेगळं शेड्यूल. तीन नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) घेतल्या, प्रत्येकी चार कोअर, ८ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क, तिघींचं मिळून महिन्याला २१ हजारांचं अंतर्गत बिल लागलं. आयपीची गल्लत खऱ्या अर्थाने सुटली ती इथे. १०.२० वाले दोन सर्व्हर आता दोन वेगळ्या खोल्यांत, एकाचा नकाशा काढताना दुसरा समोर येतच नाही.

यात वेळ खातात फायरवॉलच्या परवानग्या. एनबीएफसीकडे फॉर्म भरल्यापासून १९ दिवस लागले, कारण त्यांच्या चेंज कमिटीची बैठक दर दुसऱ्या गुरुवारी, एक बैठक आमचा फॉर्म अपुरा म्हणून हुकली. हॉस्पिटलकडे चार दिवसांत झालं, पण त्याची गोष्ट पुढे येतेय. चाकणला नेटवर्क बघणारा मुलगा एकटाच, तो रजेवर होता. तेव्हा काम सुरू होण्याची वाट न बघता हे फॉर्म पहिल्याच आठवड्यात टाका.

क्रेडेन्शियलची चूक लिहायला मला अवघड जातंय पण लिहिते. डिस्कव्हरीला सर्व्हरमध्ये शिरायला पासवर्ड लागतात, ते प्रत्येक डोमेनमध्ये वेगळे ठेवायचे. आम्ही हलवले, पण हॉस्पिटलचा एक विंडोज अकाउंट ग्लोबलमध्येच राहिला. सप्टेंबरअखेर एनबीएफसीच्या नवीन मिडने टेस्ट रन केला, तेव्हा त्याला तोही पासवर्ड दिसला आणि त्याने तो एनबीएफसीच्या सर्व्हरवर वापरून बघितला. अर्थात लॉगिन झालं नाही, पण एकामागून एक फसलेल्या लॉगिनचा अलर्ट त्यांच्या सिक्युरिटी टीमकडे गेला आणि त्यात अकाउंटचं नाव दिसत होतं. पुन्हा त्याच मॅडमचा फोन. मी सगळं खरं सांगितलं, लेखी दिलं, हॉस्पिटललाही कळवलं, आणि तो पासवर्ड त्याच दिवशी बदलला. त्यानंतर प्रत्येक क्रेडेन्शियलवर कुठल्या मिडने वापरायचं तेही नेमून दिलं, म्हणजे डोमेनमध्ये चूक झाली तरी दुसरी कडी आहे. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

सामायिक सामानाचं काय करायचं यावर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली, तीन मीटिंग. आमच्या डेटा सेंटरमधलं व्हर्च्युअलायझेशन क्लस्टर, बॅकअप सर्व्हर, मुख्य स्विच हे तिघांनाही लागतात, मग ते कोणाचे? एकाने सुचवलं की ग्लोबलमध्ये ठेवू, सगळ्यांना दिसेल. पण मग प्रत्येक क्लायंटला होस्टची, म्हणजे ज्या मशीनवर सगळ्यांचे सर्व्हर चालतात त्यांची, नावं दिसणार आणि शेजारी कोण राहतं त्याचा अंदाज येणार. आम्ही ते सगळं आमच्या डोमेनमध्ये ठेवलं. त्याचा परिणाम असा की क्लायंटचा नकाशा त्याच्या सर्व्हरपाशी संपतो, खालचा होस्ट फक्त आमच्या एनओसीला दिसतो. चाकणवाल्यांनी विचारलं, "खाली काहीच नाही का?" त्यांना समजावलं की खालचं आमची जबाबदारी, होस्ट पडला तर तुमच्या कुठल्या सेवा अडल्या ते आम्ही सांगू. ते मान्य झालं. तुमच्याकडे क्लायंट स्वतःच्या मालकीच्या होस्टवर असेल तर हा निर्णय वेगळा होईल, पण काय ठेवायचं ते लिहून, सही घेऊन ठेवा.

चाचणीला आम्ही पूर्ण ऑक्टोबर दिला. प्रत्येक डोमेनमध्ये तीन टेस्ट यूजर केले, एक फक्त नकाशा बघणारा, एक इन्सिडेंट हाताळणारा, एक क्लायंटचा मॅनेजर. डोमेन वेगळं केलं म्हणजे रोल आणि एसीएलचं काम संपत नाही, आपल्या खोलीतसुद्धा कोणी कुठलं कपाट उघडायचं ते ठरवावंच लागतं. आम्ही लिस्ट, सर्च, एक्सपोर्ट, नकाशा, मोबाइल ॲप, दुसऱ्या क्लायंटच्या रेकॉर्डची थेट लिंक पेस्ट करणं, असं सगळं दोन रकान्यांत लिहून ठेवलं, दिसायला हवं आणि दिसायला नको. दिसायला नको हा रकाना जास्त मन लावून तपासा, माणूस सहसा हवं ते दिसलं की खूश होऊन पुढे जातो. ॲडमिनने इंपर्सोनेट करून, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने शिरून, बघणं ठीक, पण एकदा तरी वेगळ्या ब्राउझरमध्ये खरं लॉगिन करून बघा.

९ ऑक्टोबरला जे सापडलं त्याने झोप उडाली. दर सोमवारी सकाळी आठला चाकणच्या मॅनेजरना सर्व्हरचा रिपोर्ट मेलने जातो, तो शेड्यूल केलेला रिपोर्ट ॲडमिनच्या नावाने चालत होता. फिल्टर होता म्हणून आजवर बरोबर जायचा. टेस्टमध्ये कोणीतरी फिल्टर काढून बघितला तर पीडीएफमध्ये तिघांचेही सर्व्हर. स्क्रीनवर भिंत पक्की, आणि मेलने सगळं बाहेर! मग असे सगळे शेड्यूल केलेले रिपोर्ट काढले, ३७ होते, प्रत्येकाला त्या त्या क्लायंटच्या डोमेनमधला यूजर लावला. तसंच इंटिग्रेशनच्या अकाउंटचं, आमचं मॉनिटरिंग आणि एक बिलिंगची स्क्रिप्ट दोन्ही ग्लोबलमधल्या अकाउंटने सीआय वाचत होत्या. माणसांच्या यूजरची यादी सगळे बघतात, या न बोलणाऱ्या अकाउंटची यादी वेगळी काढा.

प्रॉडक्शनमध्ये प्लगइन २६ ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री चालू केलं. त्याने लगेच काही बदलत नाही, सगळं ग्लोबलमध्ये, म्हणजे कालच्यासारखंच. मग दिवाळी, एनबीएफसीकडे चेंज फ्रीझ, म्हणजे कुठलेही बदल बंद. खरं हलवायचं ठरलं १६ नोव्हेंबरच्या शनिवारी, कारण २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्या आठवड्यात अर्धे लोक गावी जाणार होते.

रात्री दहाला सुरुवात केली. पहिलं काम सगळी डिस्कव्हरी शेड्यूल बंद, नाहीतर आपण एकीकडे हलवतोय आणि दुसरीकडे जुना मिड नवीन बनवतोय असं होतं. मग प्रत्येक सीआयचं आत्ताचं डोमेन आणि नवीन डोमेन अशी फाइल काढून ठेवली, परत फिरायची वेळ आली तर. मग हजार हजारच्या तुकड्यांनी हलवणं, प्रत्येक तुकडीनंतर मोजणी. सव्वा वाजेपर्यंत सुरळीत. नवीन मिड चालू करताना एनबीएफसीचा आला, चाकणचा आला, हॉस्पिटलचा काही केल्या येईना. डेव्हला याच मिडने महिनाभर काम केलेलं. अडीच वाजता लक्षात आलं की चार दिवसांत मिळालेला फायरवॉलचा रूल तात्पुरता होता, १५ नोव्हेंबरपर्यंतचा. फॉर्मवर तारीख होती, आमच्यापैकी कोणी वाचली नव्हती. त्यांच्या ऑनकॉल माणसाला उठवलं, तो बिचारा काही न बोलता उठला, त्याने पावणेचारला रूल वाढवून दिला. परवानगी मिळाली की ती कधी संपते ते आधी बघा.

सकाळी साडेसहाला नकाशे काढायला लावले आणि मी कर्ज अर्जाचा नकाशा उघडून त्याच्यासमोर बसले. लोड बॅलन्सर, दोन वेब सर्व्हर, ॲप्लिकेशन, आणि तळाला डेटाबेस. एनबीएफसीचा स्वतःचा. मी टीममधल्या त्या मुलाला, ज्याने गणपतीत माझ्यासोबत एक्सेल भरलं, स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं फक्त "झालं ताई" एवढंच आलं. मला रडू आलं, खरं सांगते.

५८ सेवांपैकी ५४ त्या दिवशी नीट आल्या. चार राहिल्या, त्यात डेटाबेसच्या क्रेडेन्शियल अपुऱ्या होत्या, त्यांना अजून दोन आठवडे गेले.

मंगळवारी १९ नोव्हेंबरला एनबीएफसीच्या सिक्युरिटीच्या मॅडम आमच्या ऑफिसला आल्या, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. त्यांच्याकडे जुलैच्या एका मेलमध्ये हॉस्पिटलच्या त्या सर्व्हरची लिंक होती, त्यांनी तीच पेस्ट केली. रेकॉर्ड सापडलं नाही असा संदेश आला. मग त्यांनी सर्चमध्ये सर्व्हरचं नाव टाकलं, एक्सपोर्ट करून बघितला, सोमवारी आलेला रिपोर्ट उघडून ओळी मोजल्या. दोन तास लागले. जाताना म्हणाल्या, "क्रेडेन्शियलचं तुम्ही स्वतःहून लेखी दिलंत, ते बरं केलंत." ६ डिसेंबरला त्यांच्याकडून मुद्दा बंद झाल्याचं पत्र आलं.

चौथा क्लायंट जानेवारीत आला. त्याचं डोमेन, मिड, क्रेडेन्शियल, रिपोर्ट सगळं मिळून अकरा दिवसांत लागलं, त्यातले आठ फायरवॉलचे. मी दर सोमवारी सकाळी एक क्वेरी चालवते, गेल्या आठवड्यात ग्लोबल किंवा टॉपमध्ये नवीन सीआय किती पडले. परवा दोन निघाले, दोन्ही आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाने पिकर न बघता बनवलेले. त्याला शेजारी बसवलं, वरचा पिकर दाखवला आणि ते दोन्ही सर्व्हर त्याच्याच हाताने जागेवर ठेवायला लावले.